गोलकीपरचा उजवा खांदा

आबा, यंदा आपल्या तालमीनं पहिलं नाव गोलकीपरचं घेतलं, आणि त्याच्या खांद्यावरून हात मी फिरवला. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम काही सांगावं असं फारसं वाटलं नाही. कधी वाटलंच तर सणाच्या दिवशी फोटोला हार घालताना मनातल्या मनात बोलून मोकळा झालो. हे तसं बोलून मोकळं होण्यातलं नाही. बायको माहेरी गेलीय, घर रिकामं आहे, दुपारचं ऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर आलंय आणि मी लेकीच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडून लिहायला बसलोय. संध्याकाळपर्यंत खरं तर एक दुसरंच पत्र लिहून द्यायचंय, त्याचं पुढं सांगतो. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही आधी तुम्हाला लिहितोय.

तुमच्या वेळी तालमीचा फुटबॉल संघ म्हणजे पेठेतलीच पोरं. आता तसं राहिलं नाही. गारगोटीपासून पार आफ्रिकेपर्यंत कुठूनही खेळाडू येतात, आणि हंगामाआधीच्या एका रविवारी तालमीतल्या मारुतीपुढं नारळ फोडून त्या वर्षीची नवी नावं जाहीर होतात. त्यातल्या पहिल्या नावाचा मान वेगळा. ते चौकातल्या फलकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात जातं, त्याच्यासाठी फटाक्यांची माळ लागते, आणि पुढचं वर्षभर पेठ त्याच नावावरून भांडते. जिंकलो तर ते नाव सुचवणारा शहाणा, हरलो तर त्याला चहाच्या टपरीवर उभं राहणं मुश्कील. एवढं सगळं बदललं, पण तुमची एक रीत तालमीनं सोडलेली नाही. खेळाडूच्या अंगावरून दुखणं शोधणारा हात फिरल्याशिवाय नाव जात नाही. तुमच्यानंतर ते काम माझ्याकडं आलं. बापाचा हात लेकाला येतोच, असं लोकांनी धरून चालायचं ठरवलं आणि मीही नाही म्हटलं नाही.

मला ते जुने रविवार दिसतात. थंडी पडलेली आहे, तुमच्या फौंड्रीला सुट्टी आहे, आणि आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात अकरा-बारा जण शर्ट काढून ओळीनं बसलेत. बाहेरच्या खोलीत जागा आहे, पण तुम्हाला चुलीची ऊब पाहिजे. थंड पडलेलं अंग खरं सांगत नाही, असं तुमचं म्हणणं. आई भाकऱ्या थापता थापता कुरकुरतेय, "ह्या रेड्यांच्या गराड्यात मी सैपाक कसा करायचा?" आणि तरी प्रत्येकाच्या हातावर भाकरी-खर्डा ठेवतेच आहे. तुम्ही लसूण घालून तापवलेलं तिळाचं तेल बोटांना लावता, समोरच्याला पाटावर घेता आणि डोळे मिटता. मोल्डिंगच्या वाळूनं तुमची बोटं खरबरीत झालेली, पण एकदा ती कुणाच्या गुडघ्यावर टेकली की गल्लीभर दंगा घालणारी ती पोरं श्वास धरून बसायची. मग तुम्ही दोनपैकी एकच काहीतरी बोलायचात, "खेळू दे" नाहीतर "बसवा". त्यापुढं कुणी चकार शब्द काढायचं नाही, अध्यक्षसुद्धा नाही.

मी काढला होता. तेव्हा मी एकवीस वर्षांचा, तालमीचा गोलकीपर, आणि चार दिवसांवर अंतिम सामना. गुडघा थोडा सुजला होता, पण पाटावर बसताना मला शंकासुद्धा नव्हती. तुम्ही बोटं टेकवलीत, दोनदा पाय दुमडून सरळ केलात आणि डोळे उघडायच्या आधीच म्हणालात, "ह्याला बसवा." भाकरीवरचा आईचा हात थांबला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "तुमचा हात चुकलाय. परक्याच्या पोराला तरी असं करतं का कोण?" तुम्ही पंच्याला तेलाची बोटं पुसलीत. "चुकला असंल. तू मला शिव्या घाल. पर त्या दिवशी तू बाहीर बसायचं." तो सामना आपण तीन गोलनं हरलो. पेठेनं तुम्हाला वर्षभर सोडलं नाही. तुम्ही टपरीवर दिसलात की कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचं, "स्वताच्या पोराचं पाय बांधून ठेवलं की ह्यांनी." तुम्ही चहा संपवायचात, पेला ठेवायचात आणि घरी यायचात. मी चार महिने तुमच्याशी बोललो नाही. पुढच्या हंगामापर्यंत गुडघा नीट झाला आणि त्याच गुडघ्यावर मी आठ वर्षं खेळलो. आज पन्नाशी ओलांडली तरी उचगावच्या कारखान्यात लेथपुढं दिवसभर उभा राहतो आणि पाय कुरकुर करत नाही. तुमचं बरोबर होतं, एवढं एक वाक्य मी तुम्हाला कधी म्हणालो नाही.

अबोला तुम्हीच मोडलात. एका सकाळी हाक मारलीत, "हिकडं ये. हात दे तुजा." शर्ट काढलात, माझी बोटं तुमच्या उजव्या खांद्यामागच्या खळग्यात दाबून धरलीत आणि दंड हळूहळू वर उचललात. "हितं. कळतंय का?" मला काही कळलं नाही. तुम्ही पुन्हा उचललात. तिसऱ्या खेपेला आत काहीतरी सरकलं आणि परत जाग्यावर बसलं, दाराची कडी पडावी तसं. "फौंड्रीत साचा उचलताना गेलाय ह्यो. बाहीरनं कुणाला दिसायचा न्हाय. असा खांदा घावला तर त्या गड्याला खेळवायचं न्हाय. त्यानं पाया पडलं तरी न्हाय. एक दिस निसटतो, आणि मग हात वर जात न्हाय." वरच्या फळीवरचा डबा तुम्ही नेहमी आईला का काढायला लावता, ते मला त्या दिवशी कळलं. दुसरं काही ठेवून जायला तुमच्याकडं नव्हतंच. हे दिलंत, आणि शिकवायला स्वतःचं दुखणं वापरलंत.

आता यंदाचं. गेल्या वर्षी आपण अंतिम सामना टायब्रेकरला हरलो. आपल्या कीपरला एकही फटका अडवता आला नाही. त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला, की यंदा पहिलं नाव गोलकीपरचं. पेठेत माझं हसं झालं. पहिलं नाव कसं गोल मारणाऱ्याचं पाहिजे, ज्याला बघायला बायाबापड्या गच्चीवर येतील. टपरीवर रोज सकाळी सभा भरायची. रिक्षावाले मामा तुम्हाला आठवत असतील, तुमच्या वेळेपासून एकही सामना न चुकवणारे. ते माझ्या विरोधी पक्षाचे पुढारी.

"आरं, पयल्या नावाला गोलकीपर? मग फलकावर काय लिवायचं, आमी गोल खानार न्हाय म्हणून?"

"मामा, गेल्या साली गोल मारलंच की आपण. टिकलं का पण?"

"मग आनि दोन मारायचं! त्यो आफ्रिकेचा सा फुटी गडी बघितलास न्हवं? त्यानं डोसकं लावलं तर जाळी फाटती."

"आणि आपली जाळी कोण राखणार? मारुतीला उभा करू?"

"तू स्वता कीपर हुतास न्हवं, म्हणून तुला कीपरच दिसतोय. दुसरं काय बी न्हाय."

भांडण तालमीच्या मोबाईल ग्रुपवर गेलं. तिथं तर ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही तेही मला खेळ शिकवायला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी उत्तरं लिहीत बसायचो. माझा माणूस मी शोधून ठेवला होता. गारगोटीकडचा, चोवीस वर्षांचा, गावच्या दूध संस्थेत दोन्ही वेळा कॅन उचलणारा. बायको, वर्षाची एक मुलगी. लांब हातांचा, आणि फटका मारणाऱ्याच्या पायाकडं न बघता कमरेकडं बघणारा. तीनदा जाऊन मी त्याचा खेळ बघितला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुमी एवढं म्हणताय तर घेऊ. पर हात फिरवून सांगा." त्यावर मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "घ्या की. पर ह्यो चुकला तर ह्याला परत टपरीवर तोंड उघडू द्यायचं न्हाय." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला आतून लागलं होतं.

आता हात स्वयंपाकघरात फिरत नाही. मारुतीपुढं सतरंजी टाकतात आणि शंभर-दीडशे माणसं मोबाईल वर धरून भोवती उभी राहतात. त्या दिवशी फलक आधीच छापून आणला होता, त्यावर त्याचा हसरा फोटो. फटाक्यांची माळ दारात अंथरलेली. म्हणजे हात फिरवायचा तो नावापुरता, असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं शर्ट काढला. गुडघे बघितले, घोटे बघितले, मनगटं बघितली. डावा खांदा चांगला. उजव्या खांद्यामागं बोटं टेकवली, दंड वर नेला आणि आत ती कडी पडली. तुमचाच खांदा, आबा. तोच खळगा, तेवढंच सरकणं. मी पुन्हा नेला, पुन्हा तेच. त्यानं मान जराशी वळवली आणि मला तेवढंच ऐकू जाईल असं म्हणाला, "अण्णा, सांगू नगा. एवढा एक हंगाम. मला त्या कॅनातनं सुटायचं हाय." मी वर बघितलं. समोर मामा हाताची घडी घालून उभे होते आणि गालातल्या गालात हसत होते. मी म्हणालो, "खेळू दे." माळ तडतडली, कुणीतरी माझ्या डोक्यावर गुलाल टाकला, आणि तो पोरगा खाली वाकून माझ्या पाया पडला.

त्यानं पाया पडलं तरी न्हाय, असं तुम्ही म्हणाला होतात. मला ते तिथंच आठवलं होतं. विसरलो होतो असं खोटं मी तुम्हाला सांगणार नाही.

पहिल्या तीन सामन्यांत आपल्यावर एकही गोल झाला नाही. मामांनी भर टपरीवर माझ्यापुढं कान धरले. "चुकलो बाबा. कीपरच पायजे हुता. बापाचा हात हाय ह्याच्याकडं." ज्यांनी ग्रुपवर शिव्या घातल्या होत्या तेच आता आपण पहिल्यापासून गोलकीपरच म्हणत होतो असं सांगत फिरायला लागले. मी तरंगत होतो. सामन्याच्या दिवशी सकाळी तो आपल्या घरी यायचा. मी तेल तापवून त्याचा खांदा चोळायचो, पट्टी बांधायचो आणि स्वतःला समजवायचो की बघ, आपण त्याची किती काळजी घेतो. प्रत्येक वेळी ती कडी थोडी जास्त सरकत होती. मी पट्टी थोडी जास्त आवळायचो.

उपांत्य सामन्यात, दुसऱ्या हाफला, वरच्या कोपऱ्यात जाणारा चेंडू त्यानं उजवीकडं झेप घेऊन बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. सगळं स्टेडियम उठलं. मी उठलो नाही. तो पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात त्याच्या अंगाचा नसल्यासारखा बाजूला पडला होता. भोवती लोक नाचत होते, मामा माझी पाठ बडवत होते, "बघितलास का! आरं, बघितलास का!" काय झालंय ते त्या गर्दीत मला एकट्याला माहीत होतं, आणि मी खाली जागेवर बसून राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं जुनं आहे, आता आतलं सगळंच फाटलंय, ऑपरेशन केलं तरी हात खांद्याच्या वर जाणार नाही. मग त्यांनी विचारलं, "खेळायच्या आधी कुणी तपासलं नव्हतं का?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आबा, त्या क्षणी मला फक्त तोंड उघडायचं होतं. माझ्या आधी मामा बोलले. "तपासलं हुतं की. ह्यांच्या हातातनं काय सुटत न्हाय. त्या पोरानंच लपवलं असंल कायतरी, गोळ्या-बिळ्या खाऊन." अध्यक्षांनी मान हलवली. तो आत पलंगावर होता, दार उघडं होतं, त्याला सगळं ऐकू जात होतं. मी गप्प राहिलो. हात फिरवताना मी एकदा खोटं बोललो, पण ते तरी एका क्षणात झालं. हे दुसरं मी रोज सकाळी उठून नव्यानं बोलतोय.

कारण टपरीवर अजून तोच विषय आहे. पहिलं नाव गोलकीपरचं घ्यायलाच नको होतं, असा एक पक्ष. नाव बरोबर होतं पण माणूस लबाड निघाला, असा दुसरा. दोन्हींकडून माझ्यासाठी चहा येतो. "तुमी काय करनार अण्णा, त्यानं फसिवलं तुमाला." फलक अजून चौकात आहे, कुणीतरी त्याच्या तोंडाला काळं फासलंय. मी त्याच चौकातून कामावर जातो.

मागच्या आठवड्यात त्याच्या गावी गेलतो. दूध संस्थेत कॅन उचलायचं काम आता त्याची बायको करते. तो ओट्यावर बसला होता, मुलगी त्याच्या पायाशी हात वर करून उभी होती, उचल म्हणून. त्यानं तिला डाव्या हातानं कमरेत धरून कसंबसं मांडीवर ओढलं. मी म्हणालो, मी सगळ्यांना सांगतो. तो म्हणाला, "नगं अण्णा. मीच नगं म्हणालतो की तुमास्नी. तुमी माज्यासाठीच गप बसलासा." त्यानं ते इतक्या सरळ मनानं म्हटलं की मला तिथं बसवेना. चहा अर्धा टाकून मी उठलो.

आणि आता ते दुसरं पत्र. कोडोलीकडच्या एका शाळेला पोरांच्या संघासाठी शिकवणारा माणूस पाहिजे. हात वर गेला नाही तरी तोंडानं शिकवता येतं, आणि त्याच्यासारखं बघणारा माझ्या माहितीत दुसरा नाही. पण लबाडीची बोंब तिथपर्यंत पोचलीय. शाळेनं अध्यक्षांना विचारलंय, माणूस कसा आहे ते लिहून कळवा. अध्यक्ष मला म्हणाले, "तुमीच लिवा. हात तुमी फिरवलासा. आज सांजच्याला द्या, उद्या त्यांची बैठक हाय." हे लिहिलं की उद्यापर्यंत पेठेत सगळ्यांना कळणार. मग तुमचा हात माझ्याकडं आहे असं कुणी म्हणणार नाही, आणि मामांपुढं मी उभा राहू शकणार नाही. नाही लिहिलं तर त्या माणसाला आयुष्यात आता डाव्या हातानं जेवढं उचलेल तेवढंच.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे मला तुम्हाला विचारायची गरज नाही. तुम्ही वर्षभर पेठेचं ऐकून घेतलंत, पोटच्या पोराचा अबोला सोसलात, आणि गुडघा वाचवलात. मी एका सकाळचं हसू सोसू शकलो नाही. मला त्याची दया आली म्हणून गप्प बसलो, असं तो समजतो आणि मीही दोन महिने तेच धरून बसलो होतो. दया नव्हती, आबा. मामा हसत होते म्हणून मी "खेळू दे" म्हणालो.

ऊन आता फरशीवरून भिंतीवर गेलंय. अध्यक्षांचा माणूस थोड्या वेळात दारात येईल. ही पानं मी शाळेला लिहायलाच फाडली होती. ‘त्यानं माझ्यापासून काही लपवलं नाही, मला माहीत होतं’, एवढी एकच ओळ लिहायची होती. पेन टेकवलं आणि वर ‘आबा’ लिहिलं गेलं, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. वहीत आता एकच कोरं पान उरलंय आणि ते अजून कोरंच आहे.